रिएजंट म्हणजे काय? यवतमाळच्या हातपंपापासून रक्ततपासणीपर्यंत, रंग बदलणाऱ्या थेंबांची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, केळापूर (पांढरकवडा) किंवा झरी-जामणी तालुक्यातल्या एखाद्या हातपंपाचं पाणी ग्लासात घेतलं तर ते काचेसारखं स्वच्छ दिसतं. त्याला वास नसतो, चवही नेहमीसारखीच लागते. पण त्याच पाण्यात लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी करणारं आणि वर्षानुवर्षं पीत राहिल्यास हाडं-सांधे आखडवणारं फ्लोराइड असू शकतं. डोळे, नाक, जीभ यांपैकी कुणालाही ते ओळखता येत नाही.

ते ओळखतो एका छोट्या बाटलीतला लाल द्रव. परीक्षानळीत ठरावीक माप पाणी घ्यायचं, त्यात बाटलीतले थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. या द्रवाला रसायनशास्त्रात रिएजंट म्हणतात.

रिएजंट हा शब्द बहुतेकांनी दहावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये ऐकलेला असतो आणि परीक्षा संपली की विसरलेलाही असतो. प्रत्यक्षात पाण्याची तपासणी, मातीचा अहवाल, रक्ताचा रिपोर्ट, साखर मोजायची पट्टी या सगळ्यांच्या मुळाशी कुठला ना कुठला रिएजंट असतोच.

रिएजंट म्हणजे नेमकं काय?

एखादी रासायनिक अभिक्रिया घडवून आणण्यासाठी, किंवा एखादा पदार्थ आहे की नाही आणि असल्यास किती आहे हे तपासण्यासाठी, मुद्दाम मिसळलेला पदार्थ म्हणजे रिएजंट. मराठीत त्यासाठी अभिकर्मक, विक्रियाकारक असे शब्द वापरले जातात. प्रयोगशाळेत मात्र सर्रास रिएजंट हाच शब्द चालतो.

रिएजंटची कामं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. भाताच्या पेजेत आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो, म्हणजे त्यात स्टार्च आहे. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरा साका आला, तर त्यात क्लोराइड असण्याची शक्यता असते. इथे रिएजंट साक्षीदाराचं काम करतो.

दुसरं काम पदार्थ घडवण्याचं किंवा बदलण्याचं. औषध कारखान्यात एका रेणूपासून दुसरा रेणू तयार करायचा असतो, तेव्हा मूळ रेणूवर काम करण्यासाठी जो पदार्थ वापरतात त्यालाही रिएजंटच म्हणतात. ग्रिन्यार रिएजंट हे याचं प्रसिद्ध उदाहरण. कार्बनचे नवे बंध जोडण्यासाठी तो वापरला जातो आणि तो शोधणाऱ्या व्हिक्टर ग्रिन्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

अभिक्रियाकारक, उत्प्रेरक, द्रावक आणि रिएजंट: फरक काय?

हे चार शब्द एकमेकांत मिसळले जातात, म्हणून फरक लक्षात ठेवलेला बरा.

* अभिक्रियाकारक: अभिक्रियेत भाग घेऊन खर्च होणारा कुठलाही पदार्थ. समीकरणात तो बाणाच्या डावीकडे लिहितात.
* रिएजंट: विशिष्ट हेतूने वापरलेला पदार्थ. तो बहुतेक वेळा अभिक्रियाकारकच असतो, पण "हा कशासाठी टाकला?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नावात असतं.
* उत्प्रेरक: अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण शेवटी स्वतः खर्च होत नाही.
* द्रावक: ज्यात बाकीचे पदार्थ विरघळतात तो. पाणी हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण.

अकरावीच्या पुस्तकात "लिमिटिंग रिएजंट" हा आणखी एक शब्द भेटतो. घरात दहा भाकरींचं पीठ आहे, पण भाजी चौघांपुरतीच आहे, तर चारच ताटं पूर्ण होतील. भाजी संपली की पीठ कितीही उरलं तरी पंगत थांबते. रासायनिक अभिक्रियेतही जो पदार्थ आधी संपतो तोच उत्पादन किती होणार हे ठरवतो. तो लिमिटिंग रिएजंट.

घरातला रिएजंट: हळद

रिएजंट फक्त काचेच्या बाटलीतच असतो असं नाही. पांढऱ्या शर्टावर वरणाचा पिवळा डाग पडला आणि त्यावर साबण चोळला की डाग लालसर होतो. हळदीतलं कुरक्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लाल होतं. साबण अल्कधर्मी असल्यामुळे रंग पालटतो. हळदीत चुना कालवल्यावर लाल रंग येतो, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे.

शाळेतला लिटमस आणि फिनॉल्फथॅलिन हेच काम करतात. आम्ल-अल्कली सांगणाऱ्या अशा पदार्थांना दर्शक म्हणतात. चुन्याची निवळी हादेखील सोपा रिएजंट आहे. नळीने तिच्यात फुंकर मारली की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते.

यवतमाळच्या पाण्यात फ्लोराइड येतं कुठून?

फ्लोराइड कुणी पाण्यात टाकत नाही. ते जमिनीखालच्या खडकांतून येतं. फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, बायोटाइट अशा खनिजांमध्ये फ्लोरीन असतं. पाणी खडकांच्या भेगांतून दीर्घकाळ मुरत राहिलं की ते थोडंथोडं विरघळतं. ज्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, तिथे फ्लोराइड जास्त प्रमाणात विरघळून राहतं. म्हणूनच उथळ विहिरींपेक्षा खोल बोअरवेलमध्ये हा प्रश्न अनेकदा जास्त दिसतो.

यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. दक्षिण आणि आग्नेय भागात मात्र वेगवेगळ्या काळातले चुनखडक, वालुकाश्म असे इतरही खडक आहेत. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड असल्याचं शास्त्रीय अभ्यासांतून समोर आलेलं आहे.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅमच आहे. मर्यादा ओलांडल्यावर आधी दातांवर डाग दिसतात. त्याहून जास्त प्रमाण असलेलं पाणी बरीच वर्षं पोटात गेलं तर पाठ, मान, गुडघे कडक होतात. त्याला अस्थी फ्लोरोसिस म्हणतात. वाकलेलं हाड पुन्हा सरळ करणारं औषध नाही. उपाय एकच: पाणी वेळेत ओळखणं आणि बदलणं. त्या ओळखण्याचं काम रिएजंट करतो.

लाल रंग उडतो कसा?

फ्लोराइड तपासण्याची प्रयोगशाळेतली एक प्रचलित पद्धत स्पॅडन्स या रंगद्रव्यावर आधारलेली आहे. स्पॅडन्स आणि झिर्कोनियम हा धातू आम्लात एकत्र आले की त्यांचं लाल रंगाचं संयुग बनतं. हाच तो रिएजंट.

आता या लाल द्रावणात फ्लोराइड असलेलं पाणी मिसळलं की काय होतं? फ्लोराइडला झिर्कोनियमची ओढ रंगद्रव्यापेक्षा जास्त असते. ते झिर्कोनियमला रंगद्रव्यापासून तोडून स्वतःकडे ओढतं. नवं संयुग बिनरंगी असतं, त्यामुळे लाली कमी होते. पाण्यात जितकं फ्लोराइड जास्त, तितकी लाली कमी.

म्हणजे ही तपासणी उलट्या हिशेबाची आहे. रंग गडद राहिला तर पाणी बरं, रंग उडाला तर पाणी वाईट. हा उलटा हिशेब माहीत नसेल तर फिका रंग पाहून "काहीच निघालं नाही" असा नेमका चुकीचा निष्कर्ष काढला जाऊ शकतो.

गावपातळीवरच्या टेस्ट किटमध्ये स्पॅडन्सऐवजी अ‍ॅलिझरिन किंवा झायलेनॉल ऑरेंज ही रंगद्रव्यं झिर्कोनियमसोबत वापरतात. तिथे गुलाबी-लाल रंग फ्लोराइडमुळे पिवळ्याकडे सरकतो. सोबत दिलेल्या रंगपट्टीशी नळीतला रंग जुळवून आकडा वाचायचा असतो. प्रयोगशाळेत डोळ्यांऐवजी स्पेक्ट्रोफोटोमीटर हे यंत्र ५७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंगाची घनता मोजतं.

रीडिंग कुठे चुकू शकतं?

चांगला रिएजंट हातात असूनही उत्तर चुकण्याच्या जागा आहेत.

* मर्यादेपलीकडचं पाणी: स्पॅडन्स पद्धत साधारण १.४ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतच नीट मोजते. त्यापुढे आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करावा लागतो. समजा, १ भाग नमुन्यात ९ भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळलं आणि रीडिंग ०.६ आलं, तर मूळ पाण्यात १० पट, म्हणजे ६ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. हा गुणाकार विसरला तर धोकादायक पाणी कागदावर सुरक्षित ठरतं.
* क्लोरीन: पाण्यात टीसीएल पावडर नुकतीच टाकलेली असेल तर क्लोरीनही रंग उडवतं. तपासणीआधी ते काढून टाकावं लागतं.
* अ‍ॅल्युमिनियम: तुरटीने निवळलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरलं असेल तर ते फ्लोराइडला पकडून ठेवतं आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.
* तापमान: नमुना आणि तुलनेसाठीचं द्रावण एकाच तापमानाला असायला हवं. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातून आणलेली बाटली थेट तपासायला घेतली तर फरक पडतो.
* जुना रिएजंट: मुदत संपलेली किंवा उन्हात पडून राहिलेली बाटली चुकीचं उत्तर तितक्याच ठामपणे देते.

म्हणूनच किटवर शंकास्पद रीडिंग आलं की नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे फ्लोराइड आयन इलेक्ट्रोड ही दुसरी पद्धतही वापरता येते. त्यातही एक सहायक रिएजंट लागतोच. तो अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवतो आणि द्रावणाचा पीएच ५ ते ५.५ च्या आसपास ठेवतो.

फ्लोराइड सापडलं, पुढे काय?

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. साधा कँडल फिल्टर किंवा क्लोरीन यांचाही उपयोग होत नाही. आरओ, अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर, किंवा कमी फ्लोराइडच्या दुसऱ्या स्रोताचं पाणी हे खरे पर्याय आहेत.

आणखी एक पर्याय म्हणजे नलगोंडा पद्धत. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या या पद्धतीला आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्याचं नाव मिळालं. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक प्रमाणात मिसळून ढवळायचं आणि साका खाली बसू द्यायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या साक्यासोबत फ्लोराइडही खाली बसतं. वरच्या यादीत तपासणी बिघडवणारं अ‍ॅल्युमिनियम इथे औषधासारखं कामाला येतं. गुणधर्म तोच, फ्लोराइडला पकडण्याचा. हेतू बदलला की पदार्थाची भूमिका बदलते, हे समजायला याहून चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

मात्र तुरटी-चुन्याचं प्रमाण पाण्यानुसार ठरतं आणि ते अंदाजपंचे टाकून चालत नाही. प्रमाण चुकलं तर फ्लोराइड उरतं किंवा पाण्यात जादा अ‍ॅल्युमिनियम राहतं. शुद्ध केल्यावर पुन्हा तपासणी करावीच लागते, म्हणजे पुन्हा रिएजंट आलाच.

२०१७ ची फवारणी आणि एक पिवळा रंग

यवतमाळला रिएजंटचं महत्त्व आणखी एका घटनेने दाखवून दिलं, आणि ती फार जड किंमत देऊन.

२०१७ च्या खरीप हंगामात कापसावर कीटकनाशक फवारताना जिल्ह्यातल्या शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. राज्य सरकारने अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. कोलिनेस्टरेज या रक्ततपासणीची सोय जिल्ह्यात वेळेवर उपलब्ध नसणं हा एक मुद्दा त्या काळात ठळकपणे चर्चेत आला.

ही तपासणी काय सांगते? शरीरात मज्जातंतूंचा निरोप पोहोचला की तो पुसून टाकण्याचं काम अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या विकराला निकामी करतात. निरोप पुसलाच जात नाही. मग तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि श्वास अडखळतो.

रक्तात हे विकर किती शिल्लक आहे ते मोजलं की विषबाधेचा अंदाज येतो. यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडली. ती अशी चालते:

१. रक्ताच्या नमुन्यात विकराला तोडता येईल असा एक पदार्थ, थायोकोलिनचा एस्टर, घालतात.
२. विकर शाबूत असेल तर ते या पदार्थाचे तुकडे करतं आणि थायोकोलिन मोकळं होतं.
३. मोकळं झालेलं थायोकोलिन डीटीएनबी नावाच्या पदार्थाशी अभिक्रिया करतं. यालाच एलमन रिएजंट म्हणतात.
४. या अभिक्रियेतून पिवळा रंग तयार होतो. रंग किती वेगाने गडद होतो, ते यंत्र मोजतं.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या नमुन्यात पिवळा रंग भरभर चढतो. विषबाधा झालेल्याच्या नमुन्यात तो रेंगाळतो. इथेही फ्लोराइडसारखाच उलटा हिशेब आहे: रंग फिका, धोका मोठा.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट असायला हव्यात. एक, डॉक्टर उपचारासाठी या रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. लक्षणं दिसली की अ‍ॅट्रोपिनसारखी औषधं लगेच सुरू होतात. दोन, सगळी कीटकनाशकं ऑर्गनोफॉस्फेट गटातली नसतात आणि प्रत्येक गटाला हाच उतारा लागू पडत नाही. शेतात दोन-तीन औषधं एकत्र करून फवारली असतील तर रुग्णालाही नेमकं काय अंगावर गेलं ते सांगता येत नाही. अशा वेळी कोलिनेस्टरेजचा आकडा डॉक्टरांना निदानाची आणि उपचाराची दिशा देतो.

प्रत्येक माणसाची मूळ पातळी वेगळी असते, हा आणखी एक बारकावा. एकाला नॉर्मल असलेला आकडा दुसऱ्यासाठी घट असू शकते. म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अशा कीटकनाशकांशी नियमित काम करणाऱ्या मजुरांची पातळी कामाआधीच मोजून ठेवण्याचा नियम आहे. पुढच्या तपासणीची तुलना त्या माणसाच्या स्वतःच्याच आकड्याशी होते. पोळ्यानंतर फवारणीचा जोर असणाऱ्या भागात ही कल्पना विचार करण्यासारखी आहे.

असे रिएजंट साधारणपणे २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागतात आणि त्यांना मुदत असते. म्हणजे रुग्णालयात यंत्र असणं पुरेसं नाही. फ्रिज, अखंड वीज आणि वेळेवर झालेली खरेदी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच फवारणीच्या हंगामात तपासणी होते.

ग्रामपंचायतीतली ओटी टेस्ट

महाराष्ट्रातल्या गावांत "ओटी टेस्ट" हा शब्द अनेकांच्या कानावरून गेलेला असतो. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकल्यावर पाण्यात पुरेसं क्लोरीन उरलं आहे का, हे जलसुरक्षक या द्रावणाने पाहतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर पाणी निर्जंतुक झालं असं म्हणता येत नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असावं अशी अपेक्षा असते.

इथे रंग येणं ही चांगली बातमी आहे, हे लक्षात घ्या. प्रत्येक रिएजंटची भाषा वेगळी असते. जीवाणू तपासण्याच्या एचटूएस बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि २४ ते ४८ तासांत ते काळं पडलं, तर पाण्यात विष्ठेतून येणारे जीवाणू असण्याची दाट शक्यता असते. म्हणून रंगाचा अर्थ नेहमी त्या किटच्या सूचनापत्रकावरूनच लावायचा.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना अशा टेस्ट किटचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पाणी भरणाऱ्या हातातच पाणी तपासण्याचं साधन असावं हा त्यामागचा विचार.

माती परीक्षणात कुठले रिएजंट?

कपाशी, सोयाबीन, तूर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात येणारा माती परीक्षणाचा अहवालही रिएजंटच्याच जोरावर तयार होतो.

* सेंद्रिय कर्ब: मातीत नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालतात. कर्ब जितका जास्त, तितकं डायक्रोमेट खर्च होतं आणि रंग हिरव्याकडे झुकतो.
* उपलब्ध स्फुरद: विदर्भातल्या काळ्या, विम्लधर्मी जमिनीसाठी ओल्सेन पद्धत वापरतात. सोडियम बायकार्बोनेटने स्फुरद बाहेर काढायचा आणि अमोनियम मॉलिब्डेटच्या मदतीने निळा रंग आणायचा. निळा जितका गडद, तितका स्फुरद जास्त.
* मुक्त चुनखडी: मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की फेस येतो. जोरात फसफसलं तर चुनखडी जास्त.

बाटलीवरच्या अक्षरांचा अर्थ

एकच रसायन वेगवेगळ्या शुद्धतेत मिळतं. एलआर म्हणजे लॅबोरेटरी रिएजंट, शाळा-कॉलेजच्या साध्या प्रयोगांसाठी. एआर म्हणजे अ‍ॅनालिटिकल रिएजंट, जिथे आकडा अचूक हवा तिथे. एचपीएलसी ग्रेड त्याहून शुद्ध, विशेष यंत्रांसाठी. फ्लोराइड तपासणीत हलक्या प्रतीचं रसायन वापरलं आणि त्यातच थोडं फ्लोराइड असेल, तर दोष पाण्यावर जातो. म्हणून प्रत्येक तपासणीसोबत एक नळी निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्याची ठेवतात. तिला ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्येच गडबड दिसली तर आधी रिएजंट तपासायचा.

हाताळताना काय काळजी घ्यावी?

* बाटलीवरची मुदत आणि साठवणुकीची सूचना आधी वाचावी.
* एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत बुडवू नये.
* आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात हळूहळू ओतावं, पाणी आम्लात ओतू नये.
* तोंडाने पिपेट ओढू नये. हातमोजे आणि चष्मा वापरावा.
* तपासणी झालेलं पाणी पुन्हा विहिरीत, हौदात किंवा जनावरांच्या पाण्यात ओतू नये.
* किट लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*रिएजंट आणि केमिकल एकच का?*
प्रत्येक रिएजंट हे रसायन असतं, पण प्रत्येक रसायन रिएजंट नसतं. मीठ भाजीत पडलं तर तो मसाला, आणि प्रयोगशाळेत ज्ञात प्रमाणात घेऊन सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण पारखायला वापरलं तर तो रिएजंट.

*साखर मोजायच्या पट्टीत रिएजंट असतो का?*
हो. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ग्लुकोजशी अभिक्रिया करणारं विकर वाळवून बसवलेलं असतं. म्हणूनच डबी उघडी राहिली किंवा मुदत संपली की रीडिंगवर विश्वास ठेवता येत नाही.

*टीडीएस मीटरने फ्लोराइड कळतं का?*
नाही. टीडीएस मीटर पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतं. टीडीएस कमी असलेल्या पाण्यातही फ्लोराइड जास्त असू शकतं. त्यासाठी फ्लोराइडचाच रिएजंट किंवा इलेक्ट्रोड हवा.

*एकदा तपासलेलं पाणी कायमचं सुरक्षित असतं का?*
नाही. भूजलाची पातळी आणि पाऊसमान बदललं की फ्लोराइडचं प्रमाणही बदलू शकतं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करणं चांगलं. नवीन बोअर घेतल्यावर तर पिण्यासाठी वापरण्याआधीच तपासणी व्हायला हवी.

*मुलांच्या दातांवर डाग दिसले तर?*
दंतवैद्याला दाखवावं आणि सोबतच घरात पिण्याचं पाणी कुठल्या स्रोताचं आहे ते पाहून तपासून घ्यावं. ग्रामपंचायत किंवा पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेमार्फत ही तपासणी करून घेता येते. एका मुलाच्या दातांवर डाग असतील, तर त्याच हातपंपावर पाणी भरणाऱ्या बाकीच्या घरांनाही ते कळायला हवं.